जिभेवरची वस्ती

माणसाची ओळख करून घ्यायची काकांची रीत अशी होती, की आधी जीभ बघायची आणि नाव मागाहून विचारायचं. गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत त्यांचं बैठं घर होतं आणि गच्चीवर एक खोली. ती भाड्याने द्यायची आहे असं कळलं म्हणून मी गेलो, तर दार उघडून नमस्कार नाही की चमत्कार नाही. म्हणाले, "आ करा. जीभ बाहेर काढा." मी सव्वीस वर्षांचा, गळ्यात टाय, हातात काळी बॅग. उंबऱ्याबाहेर उभा राहून मी जीभ बाहेर काढली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मान तिरकी करून नीट बघितली आणि निकाल दिला, "मागच्या बाजूला पांढरी आहे. जेवणाच्या वेळा पाळत नाही तुम्ही. या आत."

मला वाटलं डॉक्टर असतील. नव्हते. उभं आयुष्य सरकारी दवाखान्याच्या लॅबोरेटरीत लोकांची थुंकी आणि शौच तपासण्यात घालवून ते निवृत्त झाले होते. हे ते कुणालाही, अगदी जेवणाच्या पंगतीतसुद्धा, जसंच्या तसं सांगत. मी काय करतो असं त्यांनी विचारलं. मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, डॉक्टरांना भेटून आमची औषधं लिहा म्हणून सांगणारा. "कुठली औषधं?" "मुख्यतः अँटिबायोटिक." ते एवढ्या जोरात हसले, की आतून काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अगं, ऐकलंस का? उंदराच्या घरी मांजर भाड्याने राहायला आलंय."

खोली हातची गेली असं मी धरून चाललो. पण त्यांनी किल्ली दिली. शत्रू डोळ्यांसमोर असलेला बरा, असं त्यांचं म्हणणं.

सकाळी नळावर भेटले तर ते "काय, बरं आहे ना" असं विचारत नसत. "वस्ती कशी आहे?" असं विचारत. वस्ती म्हणजे तोंडातले आणि पोटातले जंतू. माणसाला वाटतं तोंड आपलं, पोट आपलं. काकांच्या मते तो निव्वळ गैरसमज होता. आपण जन्माला आलो की काही तासांत हे लोक राहायला येतात, गल्ल्या वाटून घेतात, जिभेवरचे जिभेवर, हिरड्यांच्या फटीतले फटीत, आतड्यातले आतड्यात, आणि मरेपर्यंत घर सांभाळतात. बाहेरून कुणी गुंड आला तर त्याला बसायला जागाच ठेवत नाहीत. "सगळी जागा भरलेली असते ना, म्हणून आपण जगतो. एरवी आपल्याला कोण विचारतंय?" हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. देवाबद्दल ते कधी अशा आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही.

निवृत्तीच्या वेळी भेट काय हवी असं सहकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा त्यांनी मोडीत निघालेल्या काचेच्या चपट्या बशा मागून घेतल्या होत्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात झिरोचा बल्ब लावून त्यांनी उबेची पेटी केली होती. बटाट्याचं पाणी, साखर आणि चायना ग्रास काकूंच्या पातेल्यात शिजवून ते बशांमध्ये ओतत. त्याचा थर जेलीसारखा थिजला, की कापसाच्या बोळ्याने कुणाच्या तरी जिभेवरून पुसून घेतलेलं त्यावर फिरवत आणि बशी डब्यात ठेवून देत. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी या बशा असत. काकूंनी फक्त एक अट घातली होती, की वरचा कप्पा त्यांचा आणि खालचा काकांचा. सुनेला जसं सासूचं देवघर सांभाळावं लागतं तसं मी हे सांभाळते, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

मी राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझा घसा बसला. मी आमच्याच कंपनीच्या कॅप्सूल घ्यायचं ठरवलं. एमआर माणूस डॉक्टरकडे जात नाही, बॅगेत हात घालतो. काकांना खोकल्यावरून कळलं. पहिल्या कॅप्सूलच्या आधीच ते जिना चढून वर आले, माझ्या जिभेवरून बोळा फिरवला आणि बजावलं, "आता घे तुझ्या गोळ्या. सहा दिवसांनी परत येतो." आले. पुन्हा बोळा फिरवला, आणि दोन दिवसांनी दोन्ही बशा त्यांनी मला शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. पहिल्या बशीत नाना तऱ्हेचे ठिपके होते, पिवळट, करडे, काही टाचणीच्या टोकाएवढे, काही डाळीएवढे, अगदी दाटीवाटीने. दुसरी बशी जवळजवळ रिकामी होती. फक्त एका बाजूला पांढरा, साईसारखा एकच डाग पसरत चालला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बुरशी. ही आधीही होतीच, पण कोपऱ्यात गप्प बसून होती. तू शेजारीपाजारी सगळे उठवलेस. आता ती एकटीच गावची पाटील." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घसा बरा झाला ना? झालाच असता, चार दिवस उशिरा. एका ढेकणासाठी घर पेटवता तुम्ही लोक, आणि वर टाय घालता."

मला राग आला होता. आजही मला वाटतं, तो राग अगदीच खोटा नव्हता. सुरगाण्याच्या बाजूला मी महिन्यातून एकदा जीपने जायचो. तिथे न्युमोनियाने धापा टाकणारं पोर आमच्या इंजेक्शनने चौथ्या दिवशी भात खाताना मी पाहिलं होतं. हे मी काकांना सांगितलं, तेव्हा ते एकदम गंभीर झाले. "अरे, मी काय वेडा आहे? मारायची वेळ येते तेव्हा मारावंच. तिथे मी स्वतः तुझी बॅग उचलून येईन. पण तू इथे काय करतोस, ते बघ." इथे मी काय करत होतो ते मला माहीत होतं. सर्दीलाही तेच, जुलाबालाही तेच, दाढेलाही तेच. टार्गेट पुरं व्हायला न्युमोनियावाली पोरं पुरत नाहीत.

लोक त्यांना हसत, आणि हसण्यासारखं ते वागतही. नात्यातल्या एका लग्नात त्यांनी हळद लागलेल्या नवरदेवाला मांडवात जीभ काढायला लावली होती. गल्लीतल्या एका वकिलाच्या घरी तोंड धुवायच्या निळ्या औषधाची बाटली दिसली, तर ती त्यांनी बेसिनमध्ये ओतून टाकली. वकील महिनाभर बोलले नाहीत. पण त्यांना निरुत्तर करणारं माणूस मी एकच पाहिलं. दारावर मेथी-कोथिंबीर घेऊन येणारी एक बाई होती, मखमलाबादच्या बाजूची, घरच्या मळ्यातली भाजी विकणारी. एके दिवशी तिने टोपली उतरवता उतरवता मला विचारलं, "भाऊ, ती लाल-पिवळी गोळी हाय का वं तुमच्याकं? दोनच द्या. अंग लय मोडून आलंय."

काका पायरीवर बसलेच होते. त्यांनी तिला समोर बसवलं, जीभ काढायला लावली आणि पाऊण तास वस्तीची गोष्ट सांगितली. दोन गोळ्यांनी जंतू मरत नाही, नुसता शहाणा होतो, हेही सांगितलं. घरी जाऊन झोप काढ, पेज पी, म्हणाले. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग चुंबळ डोक्यावर ठेवत म्हणाली, "बाबा, तुमचं समदं खरं हाय. पर तुम्हाला पेन्शन हाय. मी आज झोपले तं उद्या मळ्यातली कोथिंबीर माझ्यासाठी थांबायची नाय." ती गेल्यावर बराच वेळ ते पायरीवर तसेच बसले होते. मला म्हणाले, "तिचं चुकत नाही रे. पण माझंही चुकत नाही. मग चुकतंय कोण?" मी खाली बघितलं.

आता काकूंबद्दल. त्यांच्याबद्दल लिहायचं मी टाळत आलो, हे माझ्या लक्षात येतंय.

काकू बुटक्या, गोऱ्या, आणि नवऱ्याच्या वेडाकडे थट्टेने बघणाऱ्या. रोज सकाळी पहिल्या चहाआधी काका त्यांची जीभ बघत. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता होता तो. काकू म्हणायच्या, "दुसऱ्यांचे नवरे तोंड बघतात, आमचे हे तोंडात बघतात." पण चष्मा शोधून त्याच हातात द्यायच्या. त्यांच्या घरात गोळी यायची नाही. ताप आला तर पाणी आणि आराम, पोट बिघडलं तर ताक-भात. काकांची ही सक्ती अंगावर ओरडून केलेली नव्हती. नुसतं कुणी गोळीचं नाव काढलं, की त्यांचा चेहरा असा पडायचा, की समोरच्याला आपण काही पाप केल्यासारखं वाटावं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. पडलेल्या चेहऱ्याशी कसं भांडणार?

श्रावण लागला आणि काकूंची खालची दाढ ठणकायला लागली. गाल सुजला. काका म्हणाले, दातवाल्याकडे जाऊ, तो दाढ उघडून पू काढून टाकेल, विषय संपला. त्यांचं बरोबरच होतं. पण काकूंना दातवाल्याच्या खुर्चीची धास्ती होती, आणि मंगळवारी भाचीची पहिली मंगळागौर होती. दुपारी काका झोपल्यावर त्या पायऱ्या चढून माझ्या खोलीत आल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"तुझ्या बॅगेत असेल ना रे काही? असा गाल घेऊन मी पोरीकडे जाऊ? ह्यांना सांगू नकोस हं."

आमच्या कंपनीची नवी कॅप्सूल नुकतीच बाजारात आली होती. दाढेच्या आणि हाडाच्या पूवर जोरदार. तिच्या माहितीपत्रकाची पुढची बाजू आम्हाला पाठ करायला लावली होती, ती मला झोपेत विचारली तरी आली असती. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, की जुलाब सुरू झाले तर औषध ताबडतोब थांबवावं आणि डॉक्टरांना कळवावं. ती बाजू आम्हाला कुणी विचारत नसे, म्हणून मीही वाचली नव्हती. सॅम्पलचं एक पाकीट मी काकूंच्या हातात ठेवलं. मंगळवारपर्यंत गाल उतरला. काकू फुगडी घालून आल्या आणि मला लाडू आणून दिला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. काकांवर मात केल्याचा आनंद.

दोन दिवसांनी त्या परत वर आल्या. अजून जरा ठणका आहे म्हणाल्या. मी दुसरं पाकीट दिलं, मग तिसरं.

आणि मग काकूंनी मौन धरलं. श्रावणात कुणी एकभुक्त राहतं, कुणी मीठ सोडतं, तसं त्यांनी सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत न बोलण्याचं व्रत घेतलं. काकांना काय हवं-नको ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवायच्या. पहिल्या दिवशी काका चष्मा चढवून समोर उभे राहिले, तर काकूंनी तोंडावर बोट ठेवलं आणि लिहिलं, 'मौनात तोंड उघडायचं नसतं.' काका मला हे हसत हसत सांगायला आले. "कुठल्या पोथीत आहे रे हे? एवढ्या वर्षांत जीभ बघायला कुणी मनाई केली नव्हती. शेवटी देवाने केली!" मी पण हसलो. मला कारण कळलं होतं. आदल्या दिवशी जिन्यात काकूंनी मला जीभ दाखवली होती. तिच्यावर फाटलेल्या दुधासारखे पांढरे डाग होते. कशाचीच चव लागत नाही, म्हणाल्या. मी माझी ती दुसरी बशी ओळखली. "गोळ्या संपल्या की आपोआप जाईल," मी सांगितलं.

नवऱ्याला एक जीभ दाखवायला लागू नये म्हणून त्या बाईने देवाला मध्ये घातलं. आणि ह्या घरात कुणाला काही कळू नये म्हणून मी त्या व्रताचा साक्षीदार झालो.

जुलाब सुरू झाले ते गोकुळाष्टमीनंतर. उपासाचं बाधलं असेल असं काकू म्हणाल्या. नवऱ्याला सांगायचं तर गोळ्यांचं सांगावं लागलं असतं, म्हणून त्या पुन्हा माझ्याकडेच आल्या आणि मी बॅगेतून जुलाब थांबवायच्या गोळ्या काढून दिल्या. तेव्हा त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. "दिवसातून किती वेळा होतात?" एवढंसुद्धा मी विचारलं नाही. या दिवसांत काकाही गप्प गप्प झाले होते. नळावर भेटले तरी वस्तीची चौकशी नाही. मला वाटलं, बायकोच्या व्रतात सामील झालेत.

मग मला सुरगाण्याला जावं लागलं. पावसाने घाटात दरड आली होती, जीप निघेनात, दोन दिवसांचे चार दिवस झाले. परत आलो तर घराला कुलूप. शेजारच्या वकिलांनी सांगितलं, "काकूंना ॲडमिट केलंय. परवाच. लवकर जा तुम्ही."

दवाखान्यात पोचलो, तर काकूंचं पोट फुगून पाटासारखं घट्ट झालं होतं. आत कोंडलेलं बाहेर यायला मी वाट ठेवली नव्हती. सलाईन चालू होतं. तरुण डॉक्टर पायाशी उभा राहून काकांना विचारत होता, "गेल्या महिन्याभरात कुठलं औषध, अँटिबायोटिक वगैरे घेतलं होतं का यांनी? नीट आठवून सांगा."

काका म्हणाले, "नाही. आमच्या घरात गोळी येत नाही."

काकूंनी डोळे उघडले होते. त्या काकांकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला टाय घालून उभा होतो आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. डॉक्टरने मान हलवली आणि साधी हगवण समजून जे चालू होतं तेच पुढे चालू ठेवलं. त्या संध्याकाळी त्याला बाहेर गाठून मी सगळं सांगितलं, कॅप्सूलचं नाव, तीन पाकिटं, वरून जुलाब बांधायच्या गोळ्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. "अहो, हे सकाळी का नाही सांगितलंत?" त्याने औषध बदललं. आतड्यातली चांगली वस्ती उठली, की एक विषारी जंतू एकट्याने वाढतो, आतडं सोलून काढतो, असं त्याने मला समजावलं. मला ते समजावायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे काकू गेल्या.

दहाव्याला मी काकांबरोबर गोदावरीवर गेलो. सगळ्या नातेवाइकांना ते एकच सांगत होते, पोटाच्या विकाराने गेली. तेराव्यानंतर भाची, मेहुणे, सगळे पांगले. दुपारी काका एकटे ओट्यापाशी उभे राहून बशा एकेक करून फिनाईलच्या बादलीत टाकत होते. मी दारात उभा राहून सांगून टाकलं. रडतच सांगितलं. मीच दिल्या, काका. तुमच्या पाठीमागे दिल्या. जुलाबाच्यासुद्धा मीच दिल्या. मी खुनी आहे.

त्यांनी हात पुसले. शांतपणे स्टूल ओढून बसले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही रे. अष्टमीच्या आदल्या दिवशीच. साबुदाण्याच्या डब्यात रिकामं पाकीट सापडलं. तुझ्या कंपनीचं. मौनाचं कारण तेव्हाच कळलं मला." ते पुढे म्हणाले, "मला इतका राग आला, की मी तिच्याशी बोलणंच टाकलं. म्हटलं, आयुष्यभर सांगितलं, नाही ऐकलं ना? आता होऊ देत जुलाब. चार दिवस हाल झाले की कळेल. मग स्वतःच येऊन सांगेल, तुमचं बरोबर होतं. मी तिच्या येण्याची वाट बघत बसलो. शेजारच्या खोलीत बसून मोजत होतो रे मी, किती वेळा उठली ते."

त्यांनी बादली पायाने बाजूला सरकवली.

"आणि तिथे डॉक्टरने विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो. तू ऐकलंस. तिनेही ऐकलं. सगळ्या नाशकाला ज्ञान शिकवणारा मी, माझ्याच घरात गोळ्या निघाल्या, हे त्या पोरासमोर सांगवेना मला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "तुला तरी माहीत नव्हतं पुढे काय होतं ते. मला माहीत होतं. तेव्हा तू माझा वाटा उचलू नकोस."

उठून उरलेली बशी बादलीत टाकत त्यांनी विचारलं, "सांगितल्यावर जरा बरं वाटलं का?"

मी नाही म्हणालो. खोटं बोललो. खूप बरं वाटलं होतं.